आर्यमदिरामंडळ आणि दुसरी सभा

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' मी सेमिनरीत असताना प्रथम वाचले आणि पुढे अनेक वर्षे ते प्रवचनांत वापरले. उपवासकाळ आला की सुधाकर माझ्या प्रवचनात हजेरी लावी. एका प्याल्याने सोन्यासारखे घर कसे बुडते, एवढेच मी सांगत असे. मिस्सा संपल्यावर दोन-चार पुरुष सॅक्रिस्टीत येत, क्रुसावर हात ठेवून शपथ घेत आणि मी समाधानाने जेवायला बसे. त्यांपैकी एकाची शपथ अकरा दिवस टिकली. पुढे मला पाहून तो रस्ता बदलू लागला, मिस्सेलाही येईना. माझ्या शपथेने त्याची दारू सुटली नाही, चर्च मात्र सुटले.

वर्षभराने त्याच गृहस्थासोबत मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ए. ए. च्या, एका खुल्या सभेला गेलो. दुसऱ्या धर्मग्रामातील शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, चहाची किटली. परत आल्यावर नाटक पुन्हा वाचले, तेव्हा इतकी वर्षे डोळ्यांआड राहिलेली एक गोष्ट दिसली.

या नाटकात पिणाऱ्यांना मंडळ आहे, सोडणाऱ्याला नाही. तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आपण विनोदी प्रवेश म्हणून हसून सोडून देतो. पण तेथे काय मिळते ते पाहावे. आलेल्याचे स्वागत होते, त्याची लाज कोणी काढीत नाही, प्रत्येकजण दुसऱ्याचे दुखणे ओळखतो. वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्याने दुखावलेल्या सुधाकराला नेमके हेच हवे असते. पुढे तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, तो मात्र एकट्याने. जुन्या प्रतिष्ठित ओळखीच्यांकडे काम मागायला जातो, अपमान गिळतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. समीक्षकांनी येथे त्याच्या मानी स्वभावावर बोट ठेवले आहे. ते खोटे नाही; पण अपुरे आहे.

दारूड्याच्या अवस्थांचे ते प्रसिद्ध भाषण घ्या. सुधाकर ते रामलालला ऐकवतो. रामलाल सज्जन, विद्वान, परंतु दारूला कधी न शिवलेला. ए. ए. च्या सभेत असेच आत्मकथन रोज चालते, त्याला तेथे 'शेअरिंग' म्हणतात. फरक ऐकणाऱ्यात आहे. रामलालला ते ऐकून दुःख होते. त्या वर्गातील बाकांवरची माणसे मात्र नुसती मान हलवीत होती, कारण तो रस्ता त्यांच्या पायांखालचा होता. प्रेक्षकांतले आम्ही सारे रामलालच. भगीरथ हा मंडळातून बाहेर पडलेला माणूस. पण गडकऱ्यांनी त्याला लोकसेवेकडे पाठविले, सुधाकराशेजारी बसण्याचे काम त्याच्याकडे सोपविले नाही.

याचा दोष नाटककाराला देता येत नाही. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. अशी सभा जगात जन्मली ती १९३५ साली, अमेरिकेतील ॲक्रन शहरात. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल तेथे धंद्यात हरला होता. हॉटेलच्या दालनात एका बाजूला दारूचा बार, दुसऱ्या बाजूला चर्चेसची यादी आणि टेलिफोन. दारू सोडून त्याला काहीच महिने झाले होते. त्याने एका धर्मगुरूला फोन केला, तो उपदेशासाठी नव्हे. बोलायला दुसरा एखादा दारूडा हवा म्हणून. धर्मगुरूने काही नावे दिली आणि त्यांतूनच पुढे डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. त्या धर्मगुरूचे एवढेच काम. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो.

ही शिकवण परधर्मीय तर नाही ना, असे काही कुटुंबे विचारतात. तेथे ईश्वराची कल्पना ज्याच्या त्याच्यावर सोडलेली असते. १९४० साली एड डाउलिंग नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी विल्सनला सांगितले की त्यांच्या बारा पायऱ्या संत इग्नाती लोयोलांच्या आध्यात्मिक साधनेशी जुळतात. विल्सनला ती साधना ठाऊकच नव्हती.

सिंधूविषयी लिहिताना लेखणी अडखळते. मरतानाही ती खोटे बोलून पतीला वाचवते आणि नाट्यगृह रडते. मीही तिला आदर्श म्हणून मांडले आहे. आमच्या कितीतरी भगिनी 'यांना ताप आहे' असा निरोप कारखान्यात पाठवतात, तेव्हा त्या सिंधूचेच संवाद बोलत असतात. त्यांच्यासाठी अल-ॲनॉन हा निराळा समूह १९५१ पासून आहे. नवऱ्याची दारू तुझ्यामुळे नाही, ती थांबवणेही तुझ्या हाती नाही, हे तेथे इतर बायकाच त्यांना सांगतात. सिंधूला हे कोणी सांगितले असते तर नाटकाचा पाचवा अंक कसा झाला असता, याचा नाट्यप्रेमींनी विचार करावा.

सभा शोधणे कठीण नाही, ए. ए. च्या मदत-क्रमांकावर जवळचे ठिकाण व वेळ कळते. खुल्या सभेला कोणीही जावे, बंद सभा फक्त पिण्याची अडचण असलेल्यांसाठी. फी नाही, आडनाव विचारीत नाहीत. गावात कोणी पाहील ही धास्ती असेल तर शेजारच्या गावची सभा गाठावी. एक सभा रुचली नाही तर दुसरी.

माझ्या सोबत्याने दारातच विचारले होते, "फादर, मला काय बोलावं लागेल?" आतून एकाने उत्तर दिले, "काही नाही. आज नुसते बसा." तो शेवटच्या बाकावर बसला. तासाभराने मी उठलो. तो मात्र कोणाशी तरी बोलत थांबला होता, म्हणून मी एकटाच बस पकडली.