व्हिलावुडची पोरे आणि त्यांची पहिली तबकडी

ऑस्ट्रेलियन रॉकचा विषय निघाला की आपल्या मंडळींत दोनच गोष्टी आठवतात. एक, मुलांच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेला एसी/डीसी. आणि दुसरी, प्रत्येक पन्नाशीच्या पार्टीत वाजणारे 'लव्ह इज इन द एअर'. या दोन्हींचे मूळ एकाच घराण्यात आहे. घराणे हा शब्द मी गाण्यातल्याच अर्थाने वापरतो आहे. त्या घराण्याची पहिली मोठी तबकडी म्हणजे 'द इझीबीट्स' या बँडचा १९६५ सालचा 'इझी' हा अल्बम.

हे पाच जण १९६४ साली सिडनीच्या पश्चिमेकडील व्हिलावुडच्या स्थलांतरितांच्या वसतिगृहामुळे एकत्र आले. जॉर्ज यंग ग्लासगोचा, आदल्याच वर्षी आईवडील आणि भावंडांबरोबर आलेला. हॅरी व्हांडा आणि डिक डायमंड डच. त्यांची जन्मनावे रंगमंचासाठी कापूनछाटून घ्यावी लागली. गायक स्टीव्ही राइट लीड्सचा, ड्रमवाला स्नोई फ्लीट लिव्हरपूलचा. ऑस्ट्रेलियन रॉकचा पाया घालणाऱ्या या पाचांत ऑस्ट्रेलियात जन्मलेला एकही नाही! (आपला एखादा जोशी-पाटील मात्र त्या वसतिगृहात शोधू नका. श्वेत ऑस्ट्रेलिया धोरण १९६६ साली सैल झाले आणि १९७३ साली संपले. पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत राहायलाही तेव्हा गोरी कातडी लागत असे.)

आता अल्बमविषयी. तो थोर आहे असे मी म्हणणार नाही. बीटल्सची सावली जवळजवळ प्रत्येक गाण्यावर आहे, आणि शब्द अगदीच बाळबोध: मुलगी आवडली, मुलगी गेली, मुलगी परत येईल. दोन-तीन संथ गाणी तर एकमेकांच्या जागी ठेवली तरी कळणार नाही. पण जलद गाण्यांत राइटचा आवाज असा काही झेपावतो, की शब्दांकडे लक्षच राहत नाही. खाली जॉर्ज यंगची गिटार एखाद्या सुताराने रंधा मारावा तशी न थांबता चालू असते. ती तालाची गिटार आहे; पुढे येऊन मिरवत नाही, पण तिच्यावाचून सगळे कोसळेल.

खरे मोल दुसऱ्याच गोष्टीत आहे. यातली गाणी या पोरांची स्वतःची आहेत. बहुतेक राइट आणि यंग यांची. १९६३ साली खुद्द बीटल्सच्या पहिल्या अल्बममध्ये चौदांपैकी सहा गाणी उसनी होती, आणि रोलिंग स्टोन्सचा पहिला अल्बम तर बहुतांशी उसनाच. आपल्याकडे याच सुमारास 'शुक्रतारा' आले: शब्द पाडगावकरांचे, चाल खळ्यांची, गळा अरुण दातेंचा. तिघे तीन कामांतले पारंगत. ती रीत मला आजही जास्त प्रिय आहे. पण परक्या देशात आलेल्या, कोणी उस्ताद नसलेल्या मुलांनी सगळे स्वतःच करायचे ठरवावे आणि टेड अल्बर्टसारख्या निर्मात्याने ते करू द्यावे, याला वेगळीच छाती लागते. आपल्या मंडळाच्या दिवाळीत मुले जुनी गाणी सुरेख गातात. आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो. तुझे स्वतःचे काही आहे का, असे मात्र आपण त्यांना विचारत नाही.

या अल्बमात मी व्हिलावुड शोधले. ते शब्दांत कुठेच नाही. वसतिगृह नाही, बोट नाही, सोडून आलेली गल्ली नाही. कारणांपैकी एक तरी साधे असावे: व्हांडाचे इंग्रजी तेव्हा कच्चे होते. मनात असेल ते त्याला गिटारीतूनच सांगावे लागत होते, आणि मला तरी ते तिथे ऐकू येते. वर्षभरात भाषा सुधारली आणि राइटच्या जागी व्हांडा शब्द लिहू लागला. यंगच्या जोडीने त्याने 'फ्रायडे ऑन माय माइंड' रचले. १९६६ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे ऑस्ट्रेलियात पहिल्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेले. आठवडाभर दुसऱ्याच्या तालावर राबून शुक्रवारची वाट पाहणाऱ्या माणसाचे ते गाणे. 'इझी'मधला तोच धावता ताल इथे आहे, फक्त आता तो कशासाठी धावतो आहे ते कळते. तबकडी आणि हे गाणे एकापाठोपाठ ऐकावे.

बँड १९६९ साली फुटला. मग यंग आणि व्हांडा निर्माते झाले. 'लव्ह इज इन द एअर' त्यांचेच. आणि जॉर्जच्या धाकट्या भावांचा, माल्कम आणि अँगसचा, 'हाय व्होल्टेज' हा एसी/डीसीचा पहिला अल्बम १९७५ साली त्यांनीच घडवला. त्यात माल्कमची गिटार ऐका. तोच रंधा, फक्त लाकूड अधिक जाड. जॉर्ज आणि माल्कम दोघेही २०१७ साली, महिन्याभराच्या अंतराने गेले. बरवुडमधले यंग कुटुंबाचे घर २०२४ साली पाडले गेले. व्हिलावुडला आता स्थलांतरितांना अटकेत ठेवण्याचे केंद्र आहे.