प्रयोगशाळेतून शेअरबाजारात

जेनेन्टेक : द बिगिनिंग्ज ऑफ बायोटेक. लेखिका : सॅली स्मिथ ह्यूज. शिकागो विद्यापीठ प्रकाशन, २०११.

जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता येते, हे आपण बारावीच्या वर्गात पाच मिनिटांत सांगून मोकळे होतो. त्यामागचे संशोधन कोणाच्या पैशाने झाले आणि लाभ कोणाच्या पदरात पडला, हे प्रश्न मात्र वर्गात येत नाहीत. हे पुस्तक नेमके तेथे शिरते.

१९७३ मध्ये स्टॅनफर्डचे स्टॅन्ले कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील हर्बर्ट बॉयर यांनी परके जनुक जीवाणूत घालून त्याच्या प्रती काढण्याची रीत सिद्ध केली. या कामाला सरकारी अनुदान होते. १९७६ मध्ये बॉयर आणि रॉबर्ट स्वॅन्सन यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून कंपनी काढली. १९८० मध्ये तिचा ३५ डॉलरचा शेअर तासाभरात ८८ डॉलरवर गेला. तेव्हा कंपनीचे एकही औषध बाजारात नव्हते!

पुस्तकाचा उत्तम भाग इन्सुलिनचा आहे. मानवी जनुकांवरील प्रयोगांना तेव्हा कडक नियम होते. इटाकुरा आणि रिग्ज यांच्या गटाने मानवी पेशीतले जनुक न घेता ते रसायनांपासून जोडून तयार केले. २१ अमिनो आम्लांची एक साखळी व ३० ची दुसरी अशा दोन साखळ्या वेगवेगळ्या जीवाणूंत बनवून १९७८ मध्ये त्या एकत्र जोडल्या. शिक्षकांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

उणीव आहे ती निवाड्याची. ह्यूज यांनी मुख्यतः संबंधितांच्या मुलाखतींवर भिस्त ठेवली आहे. त्यामुळे कथन जिवंत झाले, पण त्यात जिंकलेल्यांचा आवाज मोठा आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कंपनीचे काम चालल्याने सहकारी संतापले, हे त्या सांगतात. त्यांचे म्हणणे योग्य होते का, यावर मात्र मौन पाळतात. शिवाय कथन १९८० च्या शेअरविक्रीपाशी संपते. रुग्णाची गोष्ट तर पुढेच सुरू होते. १९८२ मध्ये हे इन्सुलिन इली लिलीमार्फत बाजारात आले. पुढे अमेरिकेत इन्सुलिनच्या किमती इतक्या चढल्या की, २०२३ मध्ये त्याच लिलीला आपल्या सर्वाधिक खपाच्या इन्सुलिनांच्या किमतीत ७० टक्के कपात जाहीर करावी लागली.

१९२३ मध्ये इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देण्यात आले होते. भांडवलाशिवाय नवे औषध कारखान्यातून बाहेर पडत नाही, हे खरेच. पण कोहेन-बॉयर पेटंट स्टॅनफर्डने एकाच कंपनीला न विकता, शुल्क भरणाऱ्या सर्वांना खुले ठेवले आणि १९९७ पर्यंत सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. म्हणजे एक डॉलर आणि मक्तेदारी यांच्यामध्येही वाट असते. ती कोणी, कशी आखावी, यावर वर्गात चर्चा घडवावी. तिची सामग्री या पुस्तकात भरपूर आहे. निष्कर्ष मात्र आपले आपणच काढायचे आहेत.