सर्पगंधा आणि डॉ. वकिलांचा निबंध

डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांचा सर्पगंधेवरील निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईतील अतिरक्तदाबाच्या ५० रुग्णांवर ह्या मुळीचा काय परिणाम झाला, ह्याचे मोजमाप त्यात आहे. त्याचा गौरव करताना ‘हे आपल्या वैद्यांस पूर्वीच ठाऊक होते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो ग्राह्य मानता येत नाही. परंपरेने ही मुळी उन्माद, निद्रानाश व सर्पदंश ह्यांवर दिली. रक्तदाब मोजण्याचे साधनच तिच्यापाशी नव्हते. रक्तदाबावरील तिचा गुणही सेन व बोस ह्यांनी १९३१ सालीच नोंदला होता. तेव्हा वकिलांचे श्रेय शोधाचे नसून पद्धतशीर मोजणीचे, आणि ती जगापुढे ठेवण्याचे होय.

निबंधाची मर्यादाही ह्याच मोजणीत आहे. पन्नास रुग्णांच्या अल्पकालीन पाहणीत दीर्घ सेवनाचे दोष दिसणे शक्य नव्हते. १९५२ साली बाझल येथे रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याचा वापर वाढल्यावरच विषण्णतेच्या तक्रारी पुढे आल्या, आणि त्यांचा कार्यकारणभाव अद्यापि वादग्रस्त आहे. प्राचीनता हा पुरावा नव्हे, तसाच पहिला यशस्वी प्रयोग हाही अंतिम पुरावा नव्हे.