मेणावरचा घोडेस्वार

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चांदीचा एक शिक्का आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी तो रॉबर्ट फिट्झवॉल्टर या इंग्लिश सरदारासाठी कोरला गेला. दस्तऐवजाला जोडलेल्या मेणावर ठसा उमटला, की धन्याचा शब्द पक्का झाला असे त्या काळी मानीत. 'शिक्कामोर्तब' हा आपला शब्द तेथे अक्षरशः खरा होता.

कलाकृती म्हणून पाहता प्रथम कारागिराला दाद द्यावीशी वाटते. ठसा सुलट उमटावा म्हणून सारे उलटे आणि खोलगट कोरावयाचे. तळहातात मावणाऱ्या वर्तुळात चिलखत घातलेला स्वार, उपसलेली तलवार, ढालीवर व घोड्याच्या झुलीवर कुलचिन्ह, टापांखाली ड्रॅगन आणि कडेने लॅटिन अक्षरांत नाव. इतके सारे सामावूनही घोड्याची दौड कोठे अडखळत नाही.

तथापि, हा स्वार आम्हांस खरा वाटत नाही. दौडता घोडा आणि उगारलेले शस्त्र हा त्या काळच्या बड्या सरदारांच्या मुद्रांचा ठरलेला साचा होता. प्रत्यक्षात १२०३ साली नॉर्मंडीतील व्होद्रेयचा किल्ला फिट्झवॉल्टरने लढाई न देताच फ्रान्सच्या राजाच्या हवाली केला आणि तो लोकांच्या टवाळीचा विषय झाला. पुढे १२१५ साली राजा जॉनविरुद्ध उठताना त्याने स्वतःस देवाच्या व पवित्र ख्रिस्तसभेच्या सैन्याचा सेनानी म्हणविले. मुद्रेतील आवेश आणि ही पदवी, दोन्ही एकाच घडणीची.

मग या शिक्क्यात खरे काय? घोड्यापुढे एक वेगळी ढाल कोरली आहे. ती फिट्झवॉल्टरची नव्हे. त्याचा मित्र सेअर द क्विन्सी याची आहे. आणि क्विन्सीच्या मुद्रेवर फिट्झवॉल्टरची ढाल आहे! व्होद्रेयला दोघे बरोबर होते, जॉनविरुद्धच्या उठावातही बरोबर होते. १२१९ साली दोघे क्रूसयुद्धासाठी इजिप्तमध्ये दमिएता येथे गेले. क्विन्सी तेथेच वारला. फिट्झवॉल्टर परतला व १२३५ मध्ये निवर्तला. जी वस्तू 'हा मीच' असे सांगण्यासाठी घडविली, तीत दुसऱ्याला जागा देणे, आणि तीही नामुष्कीत सोबत असलेल्याला, हेच आमच्या मते या कृतीचे मर्म होय. शौर्य त्याने रिवाजाप्रमाणे कोरून घेतले. मैत्री मात्र स्वतः निवडली.

स्नानसंस्कारात आणि दृढीकरणात आपल्याही आत्म्यावर कधी न पुसणारी मुद्रा उमटते, ही आपली श्रद्धा. तिचे चित्र आपण निवडलेले नसते. परंतु आपल्या जगण्याच्या मेणावर शेवटी काय उमटेल, आपला स्वतःचा घोडा की शेजाऱ्याची ढाल, हा प्रश्न त्या चांदीच्या तुकड्याने आम्हांस विचारला आहे.