कातळ आणि मराठी गद्य

हिमायतनगरच्या, म्हणजे जुन्या वाढोण्याच्या, पलीकडे इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी खाली झेपावते. त्या सहस्रकुंडावर लिहावयास बसलेला मराठी लेखक काय लिहील, हे आपणांस आधीच सांगता येते. तो तुषारांतील इंद्रधनुष्य लिहील, पाण्याची गर्जना लिहील, भोवतालच्या सागवनाची छाया लिहील, आणि निसर्गापुढे मनुष्य किती क्षुद्र, ह्या विचारापाशी येऊन थांबेल. परंतु पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा तो कातळ हाताला कसा लागतो, त्याची कोणती कड बोटांना धरू देते आणि कोठे पाऊल निसटते, हे त्यात सापडावयाचे नाही. आमच्या वाङ्मयाने दगड पुष्कळ पाहिला. त्याला हात क्वचितच लावला.

ज्या भाषेत गडकोटांवर इतके लिहिले गेले, तिच्याविषयी हे विधान धाडसाचे वाटेल. पण 1670 मधील कोंढाण्याचाच प्रसंग घ्या. पोवाड्यात कडा कोण चढते? घोरपड! ती एकदा मागे फिरते, तानाजी तिला धमकावतो, मग ती वर जाऊन चिकटते आणि मावळे दोरावरून चढतात. इतिहासकारांना ही यशवंती मान्य नाही, तो प्रश्न वेगळा. मला दिसते ते हे की, काळोखात उभ्या कड्यावर मनुष्य चढतो कसा, हे सांगण्याची वेळ येताच कल्पनेने ते काम एका प्राण्यावर सोपविले. हिरकणीची कथाही तशीच. रायगडाचा कडा रात्री एकटीने उतरणारी ती गवळण आम्ही वात्सल्याची मूर्ती करून ठेविली. तिने आधी कोणता पाय खाली सोडला, कपारीत बोटे कशी रोवली, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. आईची माया थोर खरी. पण मायेने कडा उतरता येत नाही, त्याला हातपाय लागतात.

गो. नी. दांडेकरांची गोष्ट निराळी. ते खरे भटके होते, आणि त्यांच्या गद्याला पायांची शीण व गडाखालच्या माणसांची बोली ठाऊक आहे. तथापि त्यांची पावले गडावर जातात ती गडपतीच्या ओढीने. ज्या धोंड्याला इतिहास नाही, त्याच्यापाशी त्यांनाही फारसे थांबावेसे वाटत नाही. 1998 मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. त्यानंतरच्या मराठी मोहीमवृत्तांत तळ, उंची, हवामान आणि निशाण हे सारे असते, चढणे मात्र दोन वाक्यांत आटोपते.

इंग्रजीत असे झाले नाही, ह्याचे एक कारण साधे आहे: तेथे लिहिणारेच चढत होते. लेस्ली स्टीफन हा नामांकित टीकाकार आल्पाइन क्लबचा अध्यक्ष होता. त्याचे आल्प्सवरील पुस्तक 1871 चे. त्याच वर्षी व्हिंपरचेही आले. 1865 मध्ये मॅटरहॉर्नवरून उतरताना सातांपैकी चौघे पडून मेले. त्या दोराचा विचार व्हिंपर एखाद्या न्यायाधीशासारखा करतो.

आमच्याकडे शब्द नाहीत, ही सबब चालणार नाही. कातळ, कपार, खोबण, बेचके, घळ, नाळ, सुळका, घसारा, रांजणखळगा ही सारी गुराख्यांची आणि गडकऱ्यांची नाणी आहेत, आणि ती अजून चालतात. आज ज्यास बोल्डरिंग म्हणतात, म्हणजे दोरावाचून ठेंगण्या शिळेवर चढणे, त्यात यशापयश एका खोबणीवर ठरते. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या रानात तरुण एकाच धोंड्याशी दिवस दिवस झुंजतात, आणि त्या चढाईला ते ‘प्रश्न’ म्हणतात. शिखर नाही, निशाण नाही, इतिहासही नाही. आमच्या गद्याची खरी परीक्षा अशाच ठिकाणी आहे.

बर्फाची गोष्ट मात्र कठीण. लाहौल-स्पितीत गोठलेल्या धबधब्यांवर आता चढाई होते. कातळावरची खोबण शोधावी लागते. येथे ती कुऱ्हाडीच्या घावाने स्वतः करावी लागते, आणि उद्या ती वितळून जाते. कुऱ्हाड नीट रुतली की भरीव आवाज येतो, आत पोकळी असली की पोकळ. निळसर, घट्ट बर्फ वेगळे. पांढरे, ठिसूळ वेगळे. मराठीत ह्या दोहोंना आजही ‘बर्फ’ हा एकच शब्द आहे.