वाशीमचा ताम्रपट व अजिंठ्याचीं संगणकीय चित्रें

अजिंठ्याच्या भग्न चित्रांची संगणकावर पुनर्रचना करण्याचा उद्योग नाशिकचे छायाचित्रकार श्री. प्रसाद पवार यांनीं अनेक वर्षें चालविला आहे. जेथें गिलावा झडला, रंग उडाला, तेथें उरलेल्या रेषांवरून तर्क करून चित्र पुरें केलेलें दिसतें. जुन्या वळणाच्या रसिकांचा यावर ठरलेला आक्षेप असा कीं, कुंचला हातीं न धरितां यंत्रावर केलेलें तें चित्रच नव्हे. हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. कुंचलेवाल्यांनीं काय साधलें? गिल यांच्या बहुतेक प्रती १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून करविलेल्यांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं लंडनलाच गेल्या. प्रती उतरतांना मूळ चित्रांवर चढविलेलें व्हार्निश मात्र भिंतीवर राहिलें! संगणक भिंतीस शिवत नाहीं, हा गुण थोडा नव्हे.

आमची हरकत निराळी आहे, व ती वाशीमकरांस सहज कळेल. सोळाव्या लेण्यांतील वराहदेवाचा लेख वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, वाकाटकांचा आहे. तो फार झिजलेला असल्यामुळें पहिल्या वाचकांनीं राजांचीं नांवें चुकीचीं वाचलीं, आणि ही शाखा स्वतंत्र होती हें कोणास उमगलें नाहीं. १९३९ सालीं वाशीमास द्वितीय विन्ध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला, तेव्हां म. म. वा. वि. मिराशी यांस लेण्यांतील सर्वसेनाचें नांव ओळखतां आलें. हें घडूं शकलें, कारण लेखांतील खंडित जागा मध्यंतरीं कोणी छिन्नीनें भरून काढली नव्हती. छापील वाचनांतही तर्काचें अक्षर कंसांत राहतें.

या चित्रांत कंस कोठें आहे? पांचव्या शतकांतला रंग व आजचा रंग एकाच तजेल्यानें नांदतात. मूळ छायाचित्र शेजारीं आहे तोंवर ठीक. पण नवें चित्र एकटेंच पुस्तकांतून व मोबाईलच्या पडद्यावरून फिरूं लागलें कीं त्यांतल्या तर्कानें घातलेल्या कंकणावरून उद्यां कोणी वाकाटककालीन अलंकारांवर निबंध लिहील. कसरीनें खाल्लेली ओळ लेखकूनें आपल्या मनानें भरली, तर अशा पोथीचें काय होतें हें आमच्या संग्राहक वाचकांस सांगणें नलगे.

गेल्या शतकाच्या मध्यास रोम येथें चेझारे ब्रांदी यांच्या संस्थेंत उडालेली जागा बारीक उभ्या रेषांनीं भरण्याची रीत पडली. दुरून चित्र अखंड, जवळून भर उघड. संगणकांत तर भर घातलेला थर वेगळा ठेवणें त्याहूनही सोपें. मग प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक प्रतींत तो तसा ओळखूं येईल असा कां असूं नये?