‘राजा ईडिपस’ : नियती आणि ज्ञानाचे स्वातंत्र्य

पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलेल्या सोफोक्लिसच्या शोकात्मिकेचा विचार करताना दोन भूमिका प्रामुख्याने आढळतात. एकीनुसार ईडिपस हे नियतीच्या हातचे बाहुले होय. दुसरीनुसार त्याचा संताप आणि अहंकार त्याच्या विनाशास कारणीभूत ठरतात. पहिली भूमिका मान्य केल्यास नायकाविषयी केवळ कणव उरते. दुसरी मान्य केल्यास दोष आणि शिक्षा यांचे प्रमाण विपरीत ठरते. ॲरिस्टॉटलची ‘हामार्शिया’ ही संज्ञा या दुसऱ्या भूमिकेच्या समर्थनार्थ वापरली जाते. वस्तुतः तिचा रोख स्वभावदोषापेक्षा अज्ञानजन्य प्रमादाकडे अधिक आहे, हे ई. आर. डॉड्स यांनी १९६६ मधील आपल्या लेखात साधार दाखविले आहे.

या पेचातून वाट काढायची तर नाटकाच्या रचनेकडे वळावे लागते. पितृहत्या आणि मातृविवाह या भाकित केलेल्या दोन्ही घटना नाटकारंभापूर्वीच घडून गेलेल्या आहेत. रंगमंचावर घडतो तो केवळ शोध. थीब्जमधील रोगराईचे कारण जाणण्यासाठी क्रेऑनला डेल्फीस पाठविणे, खुन्याला जाहीर शाप देणे, टायरेसियसला बोलते करणे, जोकास्टाची विनवणी झुगारणे, वृद्ध धनगराला धाक घालून सत्य वदविणे, यांपैकी प्रत्येक कृती ईडिपसच्या निर्णयातून उद्भवते. थांबण्याची संधी त्याला पुनःपुन्हा मिळते आणि तो ती नाकारतो. करिंथच्या दूताचे आगमन हा योगायोग खरा; परंतु त्या वार्तेचा पाठपुरावा करणारा ईडिपसच असतो. टायरेसियस त्याच्या अंधत्वाचेही भाकीत करतो, हा आक्षेप येथे संभवतो. तथापि, भविष्य जाणणे आणि ते घडविणे या भिन्न गोष्टी आहेत. कृत्य नियतीच्या कक्षेत असेल. त्या कृत्याचे ज्ञान मात्र नायकाने स्वेच्छेने मिळविलेले आहे.

मराठी समीक्षेत ‘नियती’च्या जागी ‘प्रारब्ध’ हा शब्द सहजपणे येतो, आणि तेथेच अर्थाची गफलत होते. प्रारब्धाच्या कल्पनेत भोगणारा हा पूर्वजन्मीच्या कर्माचा ऋणको असतो. त्यामुळे दुःखाचा हिशेब अखेरीस जुळतो. सोफोक्लिस असा हिशेब मांडीत नाही. एस्किलसच्या ‘थीब्जविरुद्ध सात’ (इ. स. पू. ४६७) या नाटकात लाईअसला संततीविना मरण्याचा इशारा मिळतो आणि त्याने तो डावललेला असतो. ‘राजा ईडिपस’मधील भाकितात ही अटही नाही. दुःखाचे नैतिक समर्थनच येथे काढून घेतलेले आहे.

अशा समर्थनहीन विश्वात ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो. आपली दुःखे अपोलोने आणली, आघात मात्र आपल्याच हाताने केला, असे तो सांगतो. पुढे ‘कोलोनसचा ईडिपस’ (प्रयोग इ. स. पू. ४०१) या नाटकात तोच आपण अजाणता केलेल्या कृत्यांबाबत निर्दोष असल्याचे ठामपणे प्रतिपादन करतो. या दोन विधानांत विसंगती नाही. हेतूने निर्दोष असलेला माणूसही आपल्या कृत्यांचे कर्तेपण नाकारीत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ईडिपसची उंची त्याच्या या स्वीकारात आहे. नियती त्याला अपराधी ठरवू शकते. सत्यापासून तोंड फिरविण्यास भाग पाडू शकत नाही.